प्रागला जाताय म्हणे

बसा, सुखटणकर वहिनी.
वही मिटा. याद्या कंपनी देतेच,
लॅमिनेट करून.
मी सांगतो ते त्या यादीत नसतं.

नवे बूट नेऊ नका.
तिथले रस्ते दगडी, कासवांच्या पाठी
ओळीनं मांडून ठेवल्यासारखे.
आजपासून रोज संध्याकाळी चेंबूर नाक्यापर्यंत
त्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून चाला.
महापालिकेनं तुमची तयारी
फुकटात करून ठेवली आहे.

सुटी नाणी वेगळ्या बटव्यात.
तिकडे मोकळं व्हायलाही पैसे पडतात
आणि ऐन वेळी नोट चालत नाही,
ओळख तर नाहीच नाही.
भाऊसाहेबांना सांगा, हॉटेल सोडण्याआधीच...
समजतील ते.

किटलीत खिचडी शिजवू नका.
आमच्या एका ग्रुपनं शिजवली.
तिसऱ्या मजल्यावरचा अलार्म बोंबलला
आणि साठ जर्मन म्हातारे
पायजम्यावर रस्त्यात.
वास मात्र असा सुटला होता, वहिनी,
की ओरडून झाल्यावर
मीही माझा डबा पुढे केला.

ट्रॅमचं तिकीट नुसतं घेऊन भागत नाही.
चढल्यावर पेटीत सरकवून ठसा उमटवायचा.
कोरं तिकीट म्हणजे विनातिकीट.

आणि ते जुनं घड्याळ.
तासाला सगळा चौक मान वर करतो,
हात वर, मोबाइल वर.
बाहुले फिरतात, संपतं.
तेवढ्या वेळात तुम्ही पाठ फिरवा.
पाकीटमार दिसेल.
त्या चौकात वर न बघणारा तोच एक.
तो आणि मी.
मी डोकी मोजत असायचो.

एकोणतीस वेळा गेलो त्या शहरात.
कुठल्या कमानीपाशी बस दहा मिनिटं उभी राहू देतात,
कुठला दुकानदार पाणी मागितलं तर कुरकुरत नाही,
चढावर कुठल्या वळणाला गुडघे बोलायला लागतात,
विचारा.
किल्ल्यावरच्या मोठ्या चर्चच्या काचा कशा आहेत
ते विचारू नका.
आत तिथला गाईड जायचा.
मी दारात, छत्री उंच धरून,
तिला लिंबाच्या रंगाचा रुमाल बांधलेला,
खांद्यावर चार बायकांच्या पर्स.

एकदाच आकडा चुकला.
एकेचाळिसातले चाळीस.
वरळी कोळीवाड्याच्या यमुनाबाई तांडेल,
मुलगा बोटीवर, त्यानं पाठवलेल्या.
पुलावर धावलो, पोलिसांत गेलो,
मुंबईला फोन लावला, शिव्या खाल्ल्या.
दोन तासांनी दिसल्या खाली नदीकाठी,
चपला बाजूला काढून,
गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याशेजारी.
त्याला मराठी येत नव्हतं, यांना चेक.
बादलीत एकच मासा
आणि या त्याला बोटांनी भाव शिकवत होत्या.
मी आवाज चढवला.
त्या म्हणाल्या, "मी नाय हरवली.
मी इथंच बसलेली.
तूच पलत होतास सगलीकरं."

त्या संध्याकाळी बसमध्ये
मी तीनदा मोजलं.
तिन्ही वेळा एकेचाळीस.
स्वतःला धरलं नव्हतं, कधीच धरत नाही.

सवय जात नाही हो.
लग्नात पंगत मोजतो, मयताला माणसं.
काल सोसायटीच्या सभेला सतरा,
त्यातले दोन झोपलेले.

मला चॉकलेट नको, फ्रिजवर चिकटवायचं काही नको.
चर्चच्या दारात एक पोरगा उभा असेल,
तेजस बोरवणकर, आमच्याच हाताखालचा.
त्याला म्हणा, जा आत पाच मिनिटं,
छत्री मी धरते.
नाही ऐकायचा.
तरी म्हणा.

तुमच्या ग्रुपचा आकडा किती आहे?
छत्तीस?
बरा आहे. पटकन मोजून होतो.